सोसायटीच्या हिशेबासाठी लिबरऑफिस कॅल्क : एक्सेलच्या फॉर्म्युल्यांची परीक्षा

मायक्रोसॉफ्टने ऑफिस २०१६ आणि ऑफिस २०१९ या आवृत्त्यांचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला आणि त्याच दिवशी विंडोज १०चाही नेहमीचा आधार संपला. मुंबईतल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या कार्यालयांत, म्हणजे जिन्याखालच्या किंवा पार्किंगच्या कोपऱ्यातल्या त्या चिंचोळ्या खोल्यांत, नेमक्या याच जोडीवर चालणारे संगणक अजून सर्रास दिसतात. नव्या एक्सेलच्या वार्षिक वर्गणीचा खर्च सर्वसाधारण सभेपुढे मांडला की फुकटचे काही मिळत नाही का, हा प्रश्न मागच्या रांगेतून आल्याशिवाय राहत नाही, आणि त्या प्रश्नाचे पहिले उत्तर बहुधा लिबरऑफिस हेच असते. ते खरोखरच विनामूल्य आहे, त्याला परवान्याची चावी लागत नाही आणि त्याचा पडदा मराठीतही करून घेता येतो.

आमच्या मुलुंडच्या संस्थेची खजिनदारकी माझ्याकडे आहे आणि संस्थेची फाइल एका जागी कधीच राहत नाही. बिले कार्यालयातल्या संगणकावर कॅल्कमध्ये, म्हणजे लिबरऑफिसमधल्या एक्सेलसारख्या प्रोग्रॅममध्ये, तयार होतात, लेखापाल त्याच फाइलवर स्वतःच्या एक्सेलमध्ये काम करतात आणि सचिव लोकलमधून येता-जाता मोबाइलवर गूगल शीट्समध्ये थकबाकी पाहतात. त्यामुळे कॅल्क दिसायला कसे आहे किंवा किती चपळ आहे याचा विचार मी येथे केलेला नाही. एक्सेलमध्ये लिहिलेला फॉर्म्युला कॅल्कमध्ये आल्यावर, आणि तिथून परत गेल्यावर, तोच आकडा देतो का, एवढाच प्रश्न मी या परीक्षणासाठी घेतला आहे. वापरलेली आवृत्ती २५.८ आहे.

रोजच्या कामापुरते उत्तर समाधानकारक आहे. सोसायटीच्या बिलात गणित तसे साधेच असते: सेवा शुल्क सर्वांना सारखे, पाणीपट्टी नळांच्या संख्येनुसार, सिंकिंग फंड (मोठ्या दुरुस्तीसाठीचा राखीव निधी) बांधकाम खर्चाच्या वार्षिक किमान पाव टक्का, भाड्याने दिलेल्या सदनिकेवर सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपर्यंत बिनभोगवटा शुल्क, आणि थकबाकीवर सरळ व्याज, ज्याची वरची मर्यादा २०१४च्या आदर्श उपविधींनी २१ टक्के ठेवली. यासाठी लागणारे सम, इफ, राउंड, व्हीलुकअप, समइफ्स, इओमन्थ हे सगळे कॅल्कमध्ये त्याच नावांनी आहेत आणि तेच निकाल देतात. पूर्वी कॅल्कमध्ये १,०२४ स्तंभांची मर्यादा होती, ७.४ या आवृत्तीपासून ती एक्सेलइतकीच, म्हणजे १६,३८४ झाली. साधी फाइल उघडावी, बदलावी, जतन करावी, यात तक्रारीला जागा नाही.

तक्रारीची जागा वेगळी आहे, आणि ती समजण्यासाठी फाइलच्या पोटात डोकवावे लागते. एक्सएलएसएक्स, म्हणजे एक्सेलच्या नेहमीच्या स्वरूपातल्या फाइलमध्ये, फॉर्म्युला असलेल्या सेलपाशी दोन गोष्टी साठवलेल्या असतात: तो फॉर्म्युला आणि त्याचा शेवटचा काढलेला निकाल. फाइल उघडणाऱ्या प्रोग्रॅमने त्यातले काय वापरायचे हे त्या प्रोग्रॅमच्या सेटिंगवर अवलंबून राहते. कॅल्कमध्ये टूल्स, ऑप्शन्स, लिबरऑफिस कॅल्क, फॉर्म्युला या वाटेने गेल्यास ‘रिकॅल्क्युलेशन ऑन फाइल लोड’ असा विभाग सापडतो, आणि एक्सेल २००७ व त्यानंतरच्या फाइलींसाठी तिथे मुळातच ‘नेव्हर रिकॅल्क्युलेट’ निवडलेले असते. म्हणजे फाइल उघडल्यावर पडद्यावर दिसणारे बहुतेक आकडे कॅल्कने मोजलेलेच नसतात. आधीच्या प्रोग्रॅमने लिहून ठेवलेले आकडे त्याने समोर मांडलेले असतात.

मोठ्या फाइली झटकन उघडाव्यात म्हणून ही सोय ठेवली आहे आणि ज्या कारकुनाला केवळ यादी पाहायची आहे त्याच्यासाठी ती योग्यही आहे. हिशेबाच्या फाइलीसाठी मात्र मी तिला दोषच म्हणेन. समजा, एखाद्या सदनिकेची १२,००० रुपये थकबाकी आहे आणि २१ टक्के दराने तिमाहीचे ६३० रुपये व्याज फाइलमध्ये लिहिलेले आहे. ही फाइल हिशेबाच्या एखाद्या दुसऱ्या प्रोग्रॅममधून बाहेर काढलेली असेल आणि त्याने निकाल ताजे न करता फाइल लिहिली असेल, तर थकबाकी बदलूनही ६३० तसेच दिसत राहतील. कॅल्कमध्ये कोणी थकबाकीच्या सेलला हात लावला की तेवढी ओळ नव्याने मोजली जाईल, बाकीच्या ओळी जुन्याच राहतील आणि तळाशी असलेल्या बेरजेत नवे व जुने आकडे एकत्र मिसळतील. कोठेही लाल खूण नसेल. लेखापरीक्षकालाही ही चूक पाहून कळणार नाही, कारण फॉर्म्युला अगदी बरोबर असतो.

उपाय सोपा आहे आणि तो पहिल्याच दिवशी करावा: वरील जागी ‘ऑलवेज रिकॅल्क्युलेट’ निवडावे, किंवा दरवेळी विचारण्याची सूचना द्यावी. एखाद्या फाइलीपुरते करायचे असल्यास कंट्रोल, शिफ्ट आणि एफ९ या तीन कळा एकत्र दाबल्या की संपूर्ण फाइल पुन्हा मोजली जाते. याच जातीचा आणखी एक प्रकार दुसऱ्या फाइलीतून आकडे उचलणाऱ्या फॉर्म्युल्यांत आढळतो. सभासदांची नोंदवही एका फाइलीत आणि बिले दुसऱ्या फाइलीत असतील, तर कॅल्क उघडताना वर एक पट्टी दाखवते की बाहेरच्या दुव्यांचे अद्ययावतीकरण बंद ठेवले आहे. परवानगीचे बटण दाबेपर्यंत जुनेच आकडे दिसतात. निदान इथे पट्टी तरी आहे. घाईत तिच्याकडे कोणी पाहत नाही, हा भाग वेगळा.

गप्प राहणाऱ्या आकड्यांचा सर्वांत अवघड नमुना मात्र कॅल्कचा नाही, तो गूगल शीट्सकडून येतो. गूगल शीट्समध्ये क्वेरी, इम्पोर्टरेंज अशी काही फंक्शने आहेत जी एक्सेलकडे मुळीच नाहीत. अशी शीट एक्सएलएसएक्स म्हणून उतरवून घेतली की गूगल त्या फॉर्म्युल्याला इफएरर या फंक्शनमध्ये गुंडाळते: आत एका बनावट नावाच्या फंक्शनमध्ये मूळ फॉर्म्युला मजकूर म्हणून ठेवते आणि चूक झाल्यास दाखवायची किंमत म्हणून त्या क्षणीचा निकाल लिहून देते. ते बनावट फंक्शन एक्सेललाही ठाऊक नाही आणि कॅल्कलाही नाही, त्यामुळे चूक दरवेळी होतेच आणि दरवेळी तो गोठवलेला निकालच दिसतो. इथे पुन्हा मोजण्याचाही उपयोग नाही, कारण पुन्हा मोजले तरी उत्तर तेच येते. सचिवांनी मोबाइलवर क्वेरी लावून विंगवार थकबाकीची सुंदर यादी केली असेल, तर ती यादी त्या दिवसाचे छायाचित्र म्हणून फाइलमध्ये बसते आणि पुढे कितीही पावत्या नोंदवल्या तरी हलत नाही. यावर कॅल्ककडे इलाज नाही; मात्र फाइंड अँड रिप्लेसमध्ये फॉर्म्युल्यांत शोधण्याचा पर्याय निवडून ‘डमी’ हा शब्द इंग्रजीत शोधला, तर असे सगळे सेल सापडतात. गूगलकडून आलेली फाइल वापरण्यापूर्वी मी हा शोध घेतल्याशिवाय पुढे जात नाही.

याउलट ज्या विसंगतींची सर्वत्र चर्चा होते त्या मला कमी त्रासाच्या वाटतात, कारण त्या स्वतःहून ओरडतात. यादीत शोधून जुळणारी किंमत आणून देणारे एक्सलुकअप हे फंक्शन त्याचे ठळक उदाहरण. एक्सेलमध्ये ते २०२१च्या आवृत्तीत आणि वर्गणीच्या आवृत्तीत आहे, २०१९मध्ये नाही. कॅल्कमध्ये ते ऑगस्ट २०२४मध्ये आलेल्या २४.८ या आवृत्तीपासून आहे आणि त्याच वेळी फिल्टर, सॉर्ट, युनिक, सीक्वेन्स, लेट ही फंक्शनेही आली. टेक्स्टस्प्लिट, व्हीस्टॅक, टेक, ड्रॉप वगैरे २५.८मध्ये आली. म्हणजे लेखापालांकडे नवे एक्सेल असेल आणि कार्यालयात जुने एक्सेल २०१६ असेल, तर एक्सेलची फाइल एक्सेलमध्येच मोडते आणि नव्या कॅल्कमध्ये चालते. जुन्या फुकट प्रोग्रॅमच्या आठवणीवरून ‘त्यात एक्सेलचे फॉर्म्युले चालत नाहीत’ असे जे सांगितले जाते ते २०२४नंतर पुन्हा तपासून पाहायला हवे. कार्यालयात लिबरऑफिसची वर्षानुवर्षे न बदललेली आवृत्ती असेल तर मात्र ते अजूनही खरे आहे.

नाव एकच असले तरी वागणूक एकच असेल असे नाही, हे मात्र फिल्टर, सॉर्ट आणि युनिक यांच्या बाबतीत लक्षात ठेवावे. नव्या एक्सेलमध्ये या फंक्शनांचा निकाल खाली-आजूबाजूला आपोआप पसरतो आणि यादी वाढली की तोही वाढतो. कॅल्कमध्ये तो अॅरे फॉर्म्युला म्हणून ठरावीक सेलांतच बसतो. थकबाकीदारांची संख्या वाढली तर वाढलेली नावे त्या चौकटीबाहेर राहतात. एक्सेलच्या टेबलांचेही तसेच आहे. टेबलाच्या नावाने लिहिलेला फॉर्म्युला कॅल्क वाचते, परंतु शेवटच्या ओळीखाली नवी पावती लिहिली की टेबल आपोआप लांबते, ही एक्सेलची सवय कॅल्कमध्ये गृहीत धरता येत नाही. बेरजेचा पल्ला आधीच पुरेसा मोठा ठेवणे हा जुना, रांगडा मार्ग इथे अधिक भरवशाचा ठरतो.

उलट दिशेची अडचण कमी सांगितली जाते. कॅल्कमध्ये डेजइनमन्थ नावाचे फंक्शन आहे, जे महिन्याचे दिवस थेट सांगते आणि व्याजाच्या हिशेबात फार सोयीचे आहे; एक्सेलमध्ये ते नाही. डेजइनइअर, इझलीपइअर यांचेही तसेच. ही फंक्शने वापरून केलेली फाइल एक्सएलएसएक्स म्हणून जतन करून लेखापालांना पाठवली, की त्यांच्याकडे ते नाव ओळखलेच जात नाही. फाइल बाहेर जाणार असेल तर इओमन्थवर डे लावून तेच उत्तर काढावे, थोडे लांबट झाले तरी हरकत नाही.

मजकूर म्हणून दिलेल्या पत्त्यावरून सेल गाठणाऱ्या इनडायरेक्ट या फंक्शनचे दुखणे जरा खोल आहे. आमच्यासारख्या फाइलींत प्रत्येक महिन्याची वेगळी शीट असते आणि वार्षिक गोषवाऱ्याच्या शीटवर महिन्याचे नाव एका सेलमध्ये घालून, ते नाव फॉर्म्युल्यात जोडून, त्या महिन्याची बेरीज उचललेली असते. शीटचे नाव आणि सेलचा पत्ता यांच्यामध्ये एक्सेल उद्गारचिन्ह घालते, कॅल्क स्वतःच्या पद्धतीत टिंब घालते. साध्या फॉर्म्युल्यात हा फरक जाणवत नाही, कारण फाइल जतन होताना प्रोग्रॅम तो स्वतः बदलून घेतो. पण इनडायरेक्टमध्ये पत्ता अवतरणचिन्हांत, म्हणजे मजकूर म्हणून लिहिलेला असतो, आणि मजकुराला कोणताही प्रोग्रॅम हात लावत नाही. कॅल्कमध्ये टिंब घालून लिहिलेला असा पत्ता एक्सेलमध्ये गेल्यावर रेफ ही चूक येते आणि बाराही महिन्यांची ओळ एकदम कोसळते. कॅल्कच्या फॉर्म्युला सेटिंगमध्ये मजकुरातल्या पत्त्यांसाठी एक्सेलची पद्धत निवडता येते. मिश्र वापर असलेल्या कार्यालयात पहिल्यापासून तीच निवडावी आणि उद्गारचिन्हानेच लिहावे, असे माझे मत आहे. अड्रेस हे फंक्शन वापरून पत्ता तयार करून घेतला तर चिन्हाचा वादच उरत नाही, पण तो फॉर्म्युला पुढच्या खजिनदाराला वाचता येईल का याचाही विचार करावा.

एका बाबतीत कॅल्क एक्सेलशी जुळत नाही आणि तरी मी त्याचीच बाजू घेईन. बँकेच्या संकेतस्थळावरून खात्याचा उतारा कॉपी करून चिकटवला की अनेक रकमा संख्या म्हणून न येता मजकूर म्हणून येतात. मजकूर असलेली १२,०००.०० ही रक्कम एका सेलमध्ये आणि ५०० ही खरी संख्या खालच्या सेलमध्ये असेल, आणि त्यांची बेरीज अधिक चिन्हाने केली, तर एक्सेल मजकुराची परस्पर संख्या करून १२,५०० दाखवते. त्याच दोन सेलांना सम लावले तर तेच एक्सेल मजकूर वगळून ५०० दाखवते आणि दोन्ही वेळा एक शब्द बोलत नाही. कॅल्कमध्ये समचा निकाल तोच ५०० येतो, परंतु अधिक चिन्हाच्या बेरजेत ते मुळात व्हॅल्यू ही चूक दाखवते, कारण स्वल्पविराम किंवा टिंब असलेला मजकूर निःसंदिग्ध नाही असे ते धरते. एक्सेलमध्ये चालणारी फाइल कॅल्कमध्ये मोडली अशी जी ओरड होते तिच्यामागे पुष्कळदा हेच असते. सेटिंग बदलून कॅल्कला एक्सेलसारखे सैल करता येते. मी ते बदललेले नाही.

याच्या जोडीला कॅल्कमध्ये एक गुणी सोय आहे जिच्यासाठी मी हा प्रोग्रॅम एक्सेल असतानाही ठेवला असता. कंट्रोल आणि एफ८ दाबले की शीटवरचा मजकूर काळा, लिहिलेल्या संख्या निळ्या आणि फॉर्म्युले हिरवे दिसू लागतात. व्याजाच्या हिरव्या स्तंभात मध्येच एक निळा आकडा दिसला की कोणीतरी फॉर्म्युला पुसून हाताने रक्कम भरली आहे हे तत्काळ कळते, आणि रकमांच्या निळ्या स्तंभात काळा आकडा दिसला की तो बँकेच्या उताऱ्यातून आलेला मजकूर असतो. एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात गेलेली फाइल परत आल्यावर तपासण्यासाठी याहून जलद मार्ग मला ठाऊक नाही.

नावांचा प्रश्न प्रोग्रॅमचा कमी आणि आपल्या लिपीच्या टंकनाचा अधिक आहे, पण फाइली फिरू लागल्या की तो हटकून डोके वर काढतो. ‘कऱ्हाडे’ या आडनावातला ऱ्ह दोन प्रकारे टंकता येतो: नुक्ता असलेल्या ऱ या स्वतंत्र अक्षराने, किंवा साध्या र ला हलन्त देऊन पुढे जोडणीचे अदृश्य चिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, आतले सांकेतिक क्रम मात्र वेगळे असतात. सभासद-यादी एका कीबोर्डवर आणि पावत्या दुसऱ्यावर टंकलेल्या असतील तर नावावर लावलेला व्हीलुकअप जुळेलच असा भरवसा धरता येत नाही, मग तो कोणत्याही प्रोग्रॅममध्ये असो. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टांत टंकलेल्या यादीचे तर बोलायलाच नको. शोध नावावर न लावता सदनिका क्रमांकावर लावावा, म्हणजे हा प्रश्न उद्भवत नाही.

फाइल कोणत्या स्वरूपात ठेवायची हा प्रश्न कॅल्क दर वेळी जतन करताना विचारते: एक्सेलचे स्वरूप की ओडीएफ, म्हणजे लिबरऑफिसचे नेहमीचे खुले स्वरूप. ओडीएफला आंतरराष्ट्रीय मानक म्हणून २००६मध्ये मान्यता मिळाली, पण त्या पहिल्या मानकात फॉर्म्युल्याची भाषा निश्चित केलेलीच नव्हती. परिणाम असा झाला की २००९मध्ये एक्सेल २००७ला ओडीएफ वाचण्याची क्षमता मिळाली तेव्हा ते इतर प्रोग्रॅमांनी लिहिलेल्या फाइलींतले फॉर्म्युले टाकून देऊन केवळ आकडे ठेवत असे. ती उणीव २०११च्या ओडीएफ १.२ने ओपनफॉर्म्युला हा भाग जोडून भरून काढली आणि एक्सेल २०१३पासून ती आवृत्ती वाचता येते. त्यामुळे आज ओडीएस, म्हणजे ओडीएफमध्ये जतन केलेली कॅल्कची फाइल, एक्सेलमध्ये उघडण्याची भीती बाळगण्याचे कारण नाही. तरीही जिथे एक हात एक्सेलचा आहे तिथे मूळ फाइल एक्सएलएसएक्समध्येच ठेवावी असे मी सुचवेन, कारण प्रत्येक रूपांतर म्हणजे तपासणीचे आणखी एक काम, आणि ते करायला ३० सप्टेंबरच्या सभेच्या तोंडावर कोणाला सवड नसते.

शेवटी राहतो तो मॅक्रोंचा, म्हणजे फाइलमध्येच लिहून ठेवलेल्या छोट्या प्रोग्रॅमांचा विषय, आणि सोसायटीच्या फाइलीत तो एकाच कारणाने येतो: बिलावर रक्कम अक्षरी लिहायची असते. एक्सेलमध्ये थायलंडच्या बाहतमधली रक्कम थाई अक्षरांत लिहून देणारे बाहतटेक्स्ट हे फंक्शन तयार मिळते, रुपयांसाठी मात्र काही नाही. म्हणून प्रत्येक लेखापालाच्या फाइलीत कुठून तरी आणलेला व्हीबीएचा, म्हणजे एक्सेलच्या मॅक्रोंच्या भाषेचा, एक तुकडा असतो जो ‘लाख’ आणि ‘हजार’ जोडून देतो. कॅल्क व्हीबीए अंशतः समजते, परंतु त्याची सुरक्षा पातळी मुळात उंच ठेवलेली असल्याने सही नसलेले मॅक्रो चालतच नाहीत आणि रकमेच्या जागी चूक छापली जाते. शिवाय मॅक्रो असलेली फाइल एक्सएलएसएक्स म्हणून जतन केली की तो तुकडा मागेच राहतो, त्यासाठी एक्सएलएसएम हे स्वरूप लागते. सुरक्षा पातळी खाली आणणे हा मार्ग मी कोणत्याही संस्थेला सुचवणार नाही, कारण त्याच संगणकावर बँकेचे व्यवहारही चालतात. एका वेगळ्या शीटवर शून्य ते नव्व्याण्णव या अंकांची अक्षरी यादी करून, रक्कम कोटी, लाख, हजार, शेकडा अशी तोडून, प्रत्येक तुकड्यासाठी साधा व्हीलुकअप लावला की काम होते. यादी मराठीत केली तर बिलावर ‘बारा हजार सहाशे तीस रुपये फक्त’ असे मराठीतच उमटते, आणि तो फॉर्म्युला तिन्ही प्रोग्रॅमांत तेच उत्तर देतो.